वाटलेलं घर पुन्हा एक करू द्या

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमि अभिलेख
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक

विषय: वाटणी झालेल्या घराचे सर्व हिस्से एकाच मालकाकडे आल्यावर त्यांचं एकत्रीकरण

महोदय,

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरची नोंदणी फी माफ केली. निर्णय चांगला आहे. फी वाचवण्यासाठी तोंडी वाटण्या करायच्या आणि पुढच्या पिढीने कोर्टात तारखा मोजायच्या, हा प्रकार गावोगाव चालतो. तो थोडा तरी कमी होईल. त्याच सुमारास माझा एक अर्ज मला परत मिळाला. तीन मिळकत पत्रिकांची (प्रॉपर्टी कार्डांची) एक पत्रिका करून द्या, एवढीच त्यात विनंती होती. तिन्हींवर धारक मीच आहे आणि तिन्ही मिळून मुळात एकच घर आहे. अर्जावर शेरा होता: "एकत्रीकरणाचा मंजूर नकाशा सादर करावा."

शेरा कोणत्या कार्यालयाचा, हे इथे लिहीत नाही. तिथल्या माणसांबद्दल तक्रार नाही, त्यातल्या एकाने तर मला बसवून सगळं समजावून सांगितलं. तक्रार आहे ती त्यांच्या हातात दिलेल्या चौकटीबद्दल, आणि ती चौकट आपण तिघे मिळून बदलू शकता. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि उघडपणे. माझ्यासारखे लोक जुन्या पेठांत आणि गावठाणांत बरेच असणार, आणि त्यांतले बहुतेक या वाटेला लागण्याआधीच नाद सोडत असणार, असा माझा अंदाज आहे.

घर माझ्या आजोबांचं. एका चौकाचा साधा वाडा: पुढे ओसरी, मध्ये चौक, भोवती सोपे, म्हणजे चौकाकडे उघडणारी दालनं, मागे माजघर आणि परस. आजोबांमागे तीन मुलांत १९७८ मध्ये नोंदणीकृत वाटणीपत्र झालं. भांडण नव्हतं. सरस-निरस मानाने, म्हणजे चांगला-वाईट भाग तोलून, हिस्से पडले. थोरल्या काकांना दर्शनी भाग, माझ्या वडिलांना माजघर आणि परस, धाकट्या काकांना डावा सोपा आणि वरची माडी. चौक तिघांत. नगर भूमापन क्रमांकाला पोटहिस्से पडले, पत्रिका तीन झाल्या, घरपट्टीची बिलं तीन झाली. पुढे थोरल्या काकांनी त्यांचा भाग बाहेरच्या एका गृहस्थांना विकला.

गेल्या काही वर्षांत मी हे तिन्ही हिस्से एकत्र आणले. वडिलांचा मला बक्षीसपत्राने मिळाला. धाकट्या काकांचा चुलतभावाकडून खरेदी केला. दर्शनी भाग त्या गृहस्थांकडून बाजारभावाने घेतला. आज उंबऱ्यापासून परसाच्या भिंतीपर्यंत मालक मी एकटी आहे, कर्जही माझ्या एकटीच्या नावावर आहे. आईवडील थकले आहेत. शौचालय मागे, जिना दुसऱ्या हिश्श्यात आणि मधल्या भिंतीला दार नाही, म्हणून माझ्याच घरात जाण्यासाठी मला रस्त्यावरून वळसा घालावा लागतो.

आपण म्हणाल, मग पाडा की भिंत, घर तुमचंच आहे. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण नकाशा बघून ही गोष्ट कळत नाही.

चौकी घराच्या आतल्या उतारांचं सगळं पाणी चौकात पडतं आणि चौकातल्या मोरीतून बाहेर जातं. आमच्या चौकात मोरी एकच. वाटणीनंतर चौकात भिंती घातल्या गेल्या त्या साडेचार इंची, विटांच्या, सरळ फरशीवर उभ्या केलेल्या. खाली पाया नाही. मोरी एकाच्या वाट्याला आली आणि पावसाचं पाणी तिघांच्या. बाकीच्या दोन तुकड्यांत पाणी तुंबू लागलं म्हणून भिंतींना तळाशी भोकं पाडली गेली. पलीकडच्यांना ते पटलं नाही, भोकं बुजवली गेली. मग ओल जोत्यात शिरली. लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो खरा, पण तळखड्याभोवती बारा महिने ओल राहिली की खांब बुडाशी कुजतो. खांब खचला की वरची तुळई खाली बसते, आणि ती बसते नेमकी जवळच्या त्या बिनपायाच्या भिंतीवर. म्हणजे नुसता आडोसा म्हणून घातलेली भिंत आज माडीचा भार पेलते आहे. ती कुदळीने पाडायची गोष्ट राहिलेली नाही. आधी टेकू द्यावे लागतील, कुजलेल्या खांबांचे बूड बदलावे लागतील, तुळई उचलून पुन्हा बसवावी लागेल आणि मग भिंत वरून खाली, थरा-थराने उतरवावी लागेल. हे संरचना अभियंत्याच्या देखरेखीखालीच झालं पाहिजे. त्यासाठी परवानगी लागते आणि मला ती हवीच आहे. रात्रीतून भिंत पाडून सकाळी राडारोडा उचलण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. त्यांतले काही चांगले शिकलेले होते.

परवानगी मागितली की काय होतं, ते सांगते. बांधकाम परवानगी देणारे म्हणतात, ज्या भिंतीला तुम्ही हात लावणार ती दोन मिळकतींची हद्द आहे, आधी एक पत्रिका आणा. भूमि अभिलेखवाले म्हणतात, आधी एकत्रीकरणाचा मंजूर नकाशा आणा, मग पत्रिका. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. मी मात्र या दोघांच्या मध्ये उभी आहे आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाही.

नकाशा मंजूर करून घेण्याचा रस्ता अस्तित्वात आहे, नाही असं मी म्हणत नाही. भूखंड एकत्र करून इमारती उभ्या राहतातच. पण तो रस्ता मोकळ्या जागेसाठी आणि नव्या बांधकामासाठी आखलेला आहे. तिथे सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा विचारतात, वाहनतळ विचारतात, रस्तारुंदीत जागा किती जाते ते विचारतात. दीडशे वर्षं शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घराने या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं? मी एक चौरस फूट वाढवत नाही. मी भिंती कमी करते आहे. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियमावलीत दाट वस्तीच्या भागासाठी वेगळे नियम आहेत, हे मला माहीत आहे. पण उभं घर जसंच्या तसं ठेवून फक्त कागदावरचे तुकडे सांधायचे, एवढ्या साध्या कामासाठी सरळ अर्ज कोणता, हे मला ना खिडकीवर कोणी सांगू शकलं, ना वास्तुविशारदाने.

आता पैशांचं. वडिलांनी मुलीला राहतं घर बक्षीस दिलं, तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आणि वर स्थानिक अधिभार. ही सवलत उत्तम आहे, मी तिचा लाभ घेतला. काकांच्या हिश्श्याला मात्र पूर्ण खरेदीखत. महापालिका हद्दीत ते बाजारमूल्याच्या ५ टक्के आणि वर अधिभार, लहान गावांत थोडं कमी. शिवाय नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. वाटणी झालीच नसती, तर धाकट्या काकांनी वडिलांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं असतं आणि वडिलोपार्जित मिळकत म्हणून ते नाममात्र शुल्कात झालं असतं. वाटणीच्या दस्ताला तरी किती शुल्क आहे? घराच्या वाटणीला आज २ टक्के, तेही सर्वांत मोठा हिस्सा सोडून उरलेल्यांवर. म्हणजे तोच वाडा, तीच माणसं. वेगळं व्हायला २ टक्के आणि पुन्हा जोडायला ५. त्यातून आमच्यासारख्यांनी सगळं प्रामाणिकपणे नोंदवलं म्हणून हा भुर्दंड. ज्यांनी वाटणी तोंडी ठेवली, त्यांना हक्कसोडाची वाट अजून मोकळी आहे.

दर्शनी भागाबद्दल माझी काहीही मागणी नाही, हे मुद्दाम नोंदवते. तो व्यवहार परक्याशी झाला, बाजारात झाला, शुल्क भरलं, विषय संपला.

कायद्याला घर एकत्र राहण्याची काळजी नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ४४ सांगतं की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तरी घरात संयुक्त ताबा मागण्याचा हक्क त्याला मिळत नाही. विभाजन अधिनियम, १८९३ च्या कलम ४ प्रमाणे असा परका वाटणीसाठी दावा करून उभा राहिला, तर घरातल्यांना त्याचा हिस्सा विकत घेता येतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २२ ने वारसांना एकमेकांचा हिस्सा घेण्यात प्राधान्य दिलं. विभक्त भावांनी पुन्हा एकत्र येण्यालाही हिंदू कायद्यात फार जुनी मान्यता आहे, पण मूळ वाटणीत जे सामील होते त्यांच्यातच आणि मिताक्षरा या हिंदू कायद्याच्या शाखेप्रमाणे बाप, भाऊ, चुलते एवढ्याच नात्यांत. नातवंडांना ते दार बंद. थोडक्यात, हिस्से सरस-निरस पडेपर्यंत कायदा घराच्या बाजूने उभा असतो. हिस्से पडले की तो हात झटकतो.

जमिनीच्या बाबतीत शासनाने असं केलेलं नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या नावातच तुकडे रोखणं आणि एकत्रीकरण या दोन्ही गोष्टी आहेत. आणि अगदी अलीकडचं, आपल्याच विभागाचं उदाहरण म्हणजे जानेवारी २०२३ ची सलोखा योजना. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याची पहिल्याच्या, आणि ताबा किमान १२ वर्षांचा. अशा शेतकऱ्यांना अदलाबदलीचा दस्त १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी एवढ्यात करता येतो. कागद आणि प्रत्यक्ष स्थिती जुळवून घ्यायची असेल, तर शासनाने आडवं येऊ नये, हे तत्त्व त्यात मान्य झालं. माझी मागणी त्याच तत्त्वावर, फक्त बांधाऐवजी भिंतीसाठी.

कागदांच्या काही किरकोळ वाटणाऱ्या अडचणीही नोंदवते. एकत्रीकरणाला तिन्ही पत्रिकांवर धारकाचं नाव आणि सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे तो प्रकार) तंतोतंत सारखा लागतो. माझं एका पत्रिकेवर माहेरचं नाव, दोनांवर सासरचं. राजपत्रातली नोंद, विवाहाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं जोडूनही ही बाई तीच का, हा प्रश्न सुटत नाही. बायकांना हा त्रास किती होत असेल, याचा विचार पुरुष अधिकाऱ्यांनी एकदा करावा. दुसरं, एका हिश्श्यावर काकांच्या काळातला पतसंस्थेचा बोजा नोंदलेला आहे. कर्ज केव्हाच फिटलं. पतसंस्था अवसायनात निघून बंद झाली. बोजा कमी करण्यासाठी दाखला मागतात तो त्या पतसंस्थेचा. तिसरं, वाटणीपत्रात जाण्यायेण्याचे, पाण्याचे आणि उजेडाचे हक्क एकमेकांना दिलेले आहेत. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ४६ नुसार दोन्ही मिळकतींची पूर्ण मालकी एकाकडे आली की असे हक्क आपोआप संपतात. तरी माझ्याकडून मागितलं गेलं ते "इतर हिस्सेदारांचं ना हरकत पत्र". इतर हिस्सेदार मीच. मी ते लिहून, सही करून दिलं. स्वीकारलं गेलं नाही.

घरपट्टी आणि नळजोड यांचं रडगाणं इथे गात नाही. पत्रिका एक झाली की ते मार्गी लागेल असं सगळे म्हणतात. वीज मीटरचं एकच सांगते. तीन मीटर ठेवले तर कमी दराचा पहिला टप्पा तीनदा मिळतो, एक केला की बिल वाढतं. तरी मी एकच मागते आहे. सगळे अर्जदार पळवाटा शोधायलाच येतात, असं गृहीत धरणाऱ्यांसाठी ही नोंद.

या मागणीवर दोन आक्षेप येतील, ते मी आधीच घेते.

पहिला, अशी सवलत दिली की बिल्डर तिचा फायदा घेऊन जुने वाडे गिळतील. भीती खरी आहे. म्हणून सवलतीला अटी घाला. हिस्से एकाच मूळ नगर भूमापन क्रमांकातून पडलेले असावेत. वाटणीपत्र नोंदणीकृत असावं. घर उभं असावं, आणि घेणारी व्यक्ती मूळ वाटणीतल्या एखाद्या हिस्सेदाराची वंशज असावी. एकत्रीकरणानंतर १० वर्षांच्या आत ती जागा पुनर्विकासाला दिली, तर सोडलेलं शुल्क व्याजासह वसूल करा. मी अशा अटीवर आज सही करायला तयार आहे.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. तीन बिऱ्हाडांची जागा एक कुटुंब घेणार, म्हणजे शहरातली राहायची घरं कमी होणार. अमेरिकेतल्या शिकागो शहराने याच कारणासाठी २०२१ मध्ये काही भागांत अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींचं एका घरात रूपांतर करण्यावर निर्बंध आणले. जिथे भाडेकरूंना बाहेर काढून घरं जोडली जातात, तिथे असे निर्बंध हवेतच, आणि ज्या हिश्श्यात भाडेकरू राहतो त्याला माझ्या मागणीतून वगळा. पण जुन्या पेठांतले वाटलेले हिस्से पाहा. मोरी नसलेला चौक, जिना नसलेली माडी, खिडकी नसलेलं माजघर. यांत कोणी राहायला येत नाही. आमच्या घरातला डावा सोपा वर्षानुवर्षं कुलपात होता, कारण तो स्वतंत्र घर म्हणून कधी चालणारच नव्हता. वाटणीने तीन घरं झाली नाहीत. एका घराचे राहायला गैरसोयीचे तीन भाग झाले.

आणि हा प्रश्न जुन्या पेठांपुरता राहणार नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून घरोघर मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. ज्या घरांना आजवर कागदच नव्हता त्यांना तो मिळतो आहे, हे मोठं काम आहे. पण मोजणीच्या दिवशी जिथे आडोशाची भिंत असेल, तिथे कायमची हद्द पडण्याचा धोकाही त्यात आहे. उद्या ती दोन भावंडं एकत्र राहायला निघाली, तर ती माझ्याच रांगेत येऊन उभी राहतील.

माझ्या मागण्या अशा:

१. एकाच मूळ क्रमांकातून पडलेले सर्व हिस्से एका धारकाकडे आले असतील आणि बांधकाम वाढणार नसेल, तर मंजूर नकाशाची अट न घालता, प्रत्यक्ष मोजणी आणि मूळ अविभक्त नकाशा यांच्या आधारे एक मिळकत पत्रिका द्यावी. फेरफाराला हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस असतेच, तीच इथेही पुरेशी आहे.

२. या कामाची मुदत ठरवावी आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ती स्पष्ट नावाने अधिसूचित करावी. अर्ज नाकारला, तर कोणत्या नियमाने नाकारला ते लिहून द्यावं.

३. मूळ वाटणीतल्या हिस्सेदारांच्या वंशजांमध्ये, घर पुन्हा एक करण्यासाठी झालेल्या खरेदीला वाटणीपत्राइतकंच मुद्रांक शुल्क लावावं. वर सुचवलेल्या अटींसह. फुकट मागत नाही. वेगळं होण्याचा जो दर आहे, तोच एकत्र येण्याला लावा.

४. पत्रिका होईपर्यंत दुरुस्ती अडकू नये. हद्दीच्या दोन्ही बाजूंचा मालक एकच आहे एवढं सिद्ध झालं की संरचना अभियंत्याच्या दाखल्यावर भिंत उतरवण्याची आणि आधार देण्याची परवानगी मिळावी, असं आपण नगरविकास विभागाला लेखी कळवावं. खांब कुजायचा थांबत नाही.

५. बंद पडलेल्या पतसंस्थांच्या जुन्या बोजांसाठी अवसायकाचा किंवा सहकार खात्याच्या निबंधकाचा दाखला चालेल, आणि स्त्रियांच्या नावातल्या बदलासाठी विवाह नोंदणीचा दाखला पुरेल, अशा सूचना द्याव्यात.

यांतल्या तिसऱ्या मागणीसाठी अधिसूचना लागेल, कदाचित विधिमंडळातही जावं लागेल, तिला वेळ लागेल हे मी समजू शकते. बाकीच्या चार मागण्यांचं काम परिपत्रकांनी होण्यासारखं आहे असं मला वाटतं. तसं नसेल, तर कुठल्या नियमामुळे नाही, तेवढं कळवावं. तिन्ही पत्रिका, १९७८ चं वाटणीपत्र, मूळ अविभक्त नकाशाची प्रत आणि अभियंत्याचा अहवाल माझ्याकडे तयार आहे. आपण सांगाल त्या कार्यालयात सगळं घेऊन येते.

कळावे,

आपली विश्वासू,
तीन मिळकत पत्रिकांची एक धारक